बघीरा लहान मुलांस दाखवावा काय?

नाताळच्या सुटीपूर्वीचा शेवटचा शनिवार आमच्या शाळेंत करमणुकीसाठीं राखून ठेवण्याची चाल आहे. त्या दिवशीं खालच्या चार इयत्तांस कोणता बोलपट दाखवावा, हें ठरविण्याचें काम ह्या खेपेस प्रस्तुत लेखकाकडे व दोन शिक्षिकांकडे आलें होतें. काम सोपें वाटलें. वॉल्ट डिस्ने ह्यांच्या चित्रशाळेंत तयार झालेला ‘द जंगल बुक’ हा १९६७ सालचा जुना बोलपट आम्हीं सुचविला आणि पालकांस तसें कळविलें. हा सर्व बोलपट हातानें काढलेल्या चित्रांचा आहे. अठ्ठ्याहत्तर मिनिटांत संपतो. त्यांत गाणीं आहेत, विनोद आहे, आणि शेवट गोड आहे. त्यावर कोणाची हरकत येईल असें आमच्या स्वप्नांतहि नव्हतें.

हरकती दोन आल्या, आणि त्या एकमेकींशीं मुळींच जुळणाऱ्या नव्हत्या.

पहिली दौंडाहून पत्रानें आली. रेल्वेंत नोकरीस असलेल्या एका गृहस्थांचा धाकटा मुलगा येथें शिरूरास आपल्या आजोळीं राहून पहिलींत शिकतो. त्याच्या वडिलांनीं लिहिलें कीं, हा बोलपट मुलानें उन्हाळ्याच्या सुटींत मोबाइलवर पाहिला. त्यांतील ‘का’ नांवाचा अजगर मोगलीस भुरळ घालतांना डोळ्यांत जीं रंगीत वर्तुळें गरगर फिरवितो, त्यांची मुलानें अशी धास्ती घेतली कीं, पुढें आठ दिवस तो छताचा पंखा लावूं देईना. गरगर फिरणारें सर्व कांहीं त्यास अजगराचे डोळे वाटे. मे महिन्यांत दौंडास पंख्यावांचून निजणें म्हणजे काय, हें ज्यांस अनुभव आहे त्यांसच समजेल! त्या शनिवारीं मुलास घरीं ठेवण्याची परवानगी असावी, अशी पत्राच्या शेवटीं विनंती होती.

दुसरी हरकत घेऊन एक गृहस्थ स्वतःच आले. घोड नदीच्या कांठीं त्यांचा मळा आहे. ऊंस, कांदा आणि दोन म्हशी असा त्यांचा संसार. मुलगी सहा वर्षांची, तीहि पहिलींतच. बांकावर बसून त्यांनीं टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “गुरुजी, अजगर आहे, वाघ आहे, त्याचं मला काही नाही. भ्याली तर भिऊ द्या. पण त्यात तो काळा बिबट्या हाय, तो त्या पोराला शेजारी घेऊन झाडावर निजतो म्हणं. आमच्या दारापासून ऊस वीस पावलांवर हाय. उद्या उसातून तसलं तोंड बाहेर निघालं, तर माझी पोर पळंल का त्याला हाक मारंल?”

मजजवळ त्या वेळीं उत्तर नव्हतें. चहा देऊन मीं त्यांची बोळवण केली; प्रश्न मात्र गेला नाहीं.

लहान मुलांस कोणता बोलपट योग्य, असा प्रश्न निघाला कीं आपण बहुधा एकच गोष्ट मोजूं लागतों: त्यांत भय किती आहे? हें मोजमाप करणारे लोक आपल्याहून पुष्कळ मोठे होऊन गेले, आणि त्यांचीं मापेंहि टिकलीं नाहींत. डिस्ने ह्यांचा पहिला दीर्घ चित्रपट ‘स्नोव्हाइट’ १९३७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत प्रथम दाखविला गेला. पुढील वर्षीं तो इंग्लंडांत आला, तेव्हां तेथील सेन्सॉर मंडळानें त्यास ‘ए’ वर्गाचें प्रमाणपत्र दिलें. म्हणजे मोठ्या माणसाच्या सोबतीवांचून मुलांस तो पाहतां येऊं नये. रूपवती राणीची चेटकीण होते तें दृश्य, आणि अंधाऱ्या रानांत फांद्यांचे हात होऊन मुलीस ओढूं लागतात तें दृश्य, मुलांस सोसणार नाहीं असें मंडळास वाटलें. कित्येक ठिकाणच्या स्थानिक अधिकाऱ्यांनीं तो निर्णय मानला नाहीं. आज त्याच देशांत तोच चित्रपट सर्वांस खुला आहे. एवढ्या अवधींत मुलें धीट झालीं, कीं मोठीं माणसें सैल झालीं? मला वाटतें, मुलें होतीं तशींच आहेत.

आपल्या देशांत हें काम १९५२ च्या कायद्याखालीं चालतें. १९८३ पासून ‘यू’, ‘यूए’, ‘ए’ आणि ‘एस’ असे चार वर्ग होते. २०२३ च्या दुरुस्तीनें ‘यूए’ ह्या वर्गाचे सात, तेरा व सोळा वर्षें असे तीन पोटवर्ग केले. ही सुधारणा चांगली आहे. परंतु मंडळापुढें जें मूल असतें तें सरासरीचें मूल असतें. त्याचें घर कोठें आहे, दारापुढें रस्ता आहे कीं ऊंस आहे, तें बोलपट आजीच्या मांडीवर बसून पाहणार आहे कीं एकटें पांघरुणांत, ह्यांतील कांहींच मंडळास ठाऊक नसतें, आणि तें ठाऊक असावें अशी अपेक्षाहि करतां येत नाहीं. तें आपणच पाहावयाचें.

आधीं दौंडच्या मुलाची भीति घेऊं. अमेरिकेंतील जोआन कँटर ह्या विदुषींनीं मुलें आणि पडद्यावरील भय ह्या विषयाचा अनेक वर्षें अभ्यास केला. त्यांच्या सांगण्याचें सार असें कीं, सात-आठ वर्षांच्या आंतलें मूल जें दिसावयास भयंकर त्यास भितें, मग तें कितीहि अशक्य असो. त्याहून मोठें मूल जें खरोखर घडूं शकेल त्यास भितें. म्हणून लहानग्यास ‘अरे, तें खोटें आहे’ असें सांगण्याचा फारसा उपयोग होत नाहीं. त्यास जवळ घ्यावें लागतें, पाणी द्यावें लागतें, दिवा लावावा लागतो. डोळ्यांवर हात ठेवावा असें आपण सांगतों, पण कान उघडेच राहतात, आणि भयाचा मोठा भाग कानांतूनच आंत जातो. पंख्याला भिणाऱ्या मुलाची आई जर ह्या गोष्टीवर हंसली नसेल आणि आठ दिवस मुकाट्यानें उकाडा सोसला असेल, तर तिनें जें करावयाचें तें सर्व केलें असें मी म्हणेन. नवव्या दिवशीं पंखा लागला. अशी भीति कुशींत जिरते.

माझ्या मतें ह्या बोलपटांतील खरें कठीण दृश्य अजगराचें नव्हेच. अखेरच्या झटापटींत बल्लू अस्वल मरून पडल्यासारखें दिसतें. पाऊस पडत असतो. बघीरा त्याच्याविषयीं गंभीर शब्द बोलतो, मोगलीचे डोळे भरून येतात, आणि अस्वल हळूच एक डोळा उघडतें. मोठीं माणसें हंसतात. पांच वर्षांच्या मुलास तेथें हंसावें कीं रडावें हें कळत नाहीं. आणि ज्या घरांत नुकताच मृत्यु झाला आहे त्या घरच्या मुलास, ‘आमचे आजोबाहि असेच उठतील’ असें वाटल्यास त्यांत नवल नाहीं. ज्यांच्या घरीं असें दुःख ताजें आहे त्यांनीं हा बोलपट कांहीं महिने लांबणीवर टाकावा. शेरखानाच्या शेपटीला जळती फांदी बांधण्याचा प्रकारहि आहेच. सुगीनंतर पाचट पेटविलेलें ज्या मुलांनीं पाहिलें आहे त्यांस त्याविषयीं दोन शब्द आधीं सांगावे. ह्याहून अधिक भयाची चिकित्सा करण्याचें मला कारण दिसत नाहीं.

आतां दुसरी हरकत. ती भीतीविषयीं नव्हती; भीति नाहींशी होण्याविषयीं होती.

हा बोलपट ज्या पुस्तकावरून घेतला तें रुडयार्ड किपलिंग ह्यांचें पुस्तक १८९४ सालचें. किपलिंग ह्यांचा जन्म १८६५ सालीं मुंबईस झाला. त्यांचे वडील तेथील जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत शिक्षक होते. त्यांच्या साम्राज्यविषयक मतांचा विचार करण्याचें हें स्थळ नव्हे, परंतु रानांतील प्राण्यांच्या बाबतींत हा लेखक गाफील नव्हता. बघीरा हा काळा बिबट्या. म्हणजे आपल्या उंसांत जो फिरतो त्याच जातीचा, फक्त रंगानें काळा. तो माणसाच्या मुलाशीं स्नेह करतो, ह्यास पुस्तकांत कारण दिलें आहे. तो उदेपूरच्या राजवाड्यांत, पिंजऱ्यांत जन्मला. माणसांच्या हातचें खाऊन वाढला. आणि एके रात्रीं कुलूप तोडून रानांत निघून आला. त्याच्या हनुवटीखालीं गळपट्ट्याचा घट्टा आहे. रानांत कोणासहि तो ठाऊक नाहीं. तो मोगलीस मात्र दाखवितो. शिवाय लांडग्यांच्या सभेंत मोगलीचा जीव त्यानें नुसत्या गोड शब्दांनीं वांचविला नाहीं. नुकताच मारलेला एक बैल त्यासाठीं त्यानें मोल म्हणून दिला. म्हणजे पुस्तकांतील बघीरा हा शिकारी आहे. एका मुलाशीं त्याचें नातें जडलें, तें त्याच्या स्वतःच्या कैदेमुळें.

डिस्ने ह्यांच्या पदरीं बिल पीट नांवाचे कथाकार होते. त्यांनीं आरंभीं जो आराखडा केला तो बराचसा पुस्तकाप्रमाणें गंभीर होता. त्यांत मुलांसाठीं फार अंधार आहे असें डिस्ने ह्यांस वाटलें. मतभेद विकोपास जाऊन पीट १९६४ सालीं बाहेर पडले आणि कथा नव्यानें, हलकीफुलकी, रचण्यांत आली. डिस्ने स्वतः १९६६ च्या डिसेंबरांत वारले. बोलपट त्यानंतर दहा महिन्यांनीं पडद्यावर आला. ह्या हलकेपणांतून पुष्कळ चांगलें निपजलें हें नाकारतां येणार नाहीं. बल्लूचें गाणें चालूं असतां पाय न हलविणारा माणूस मला अजून भेटावयाचा आहे. परंतु त्याच वेळीं बघीराच्या गळ्यावरचा घट्टा आणि मारलेला बैल हीं दोन्ही गळालीं. उरला तो काळजीवाहू, थोडा चिडखोर, एखाद्या जुन्या हेडमास्तरासारखा बघीरा. मुलांस सोसावें म्हणून जें काढून टाकलें, नेमकें तेंच शिरूरच्या मुलांस ठाऊक असणें अगत्याचें होतें.

प्राणी बोलतात हा दोष नव्हे. बोलके प्राणी आपल्याकडे फार जुने आहेत. पडद्यावरसुद्धां प्रभात कंपनीनें १९३४ सालींच ‘जंबूकाका’ हा व्यंगपट काढला होता. आजीबाईंच्या गोष्टींतहि वाघ बोलतोच. पण तो काय बोलतो? भोपळ्यांत बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीस वाघ भेटतो तेव्हां तो ‘तुला खातों’ असेंच म्हणतो. म्हातारी युक्तीनें सुटते. त्याच्याशीं गट्टी जमवीत नाहीं. हितोपदेशांतील म्हातारा वाघ तर सोन्याचें कंकण पुढें करून तळ्याकांठीं बसतो, आपण आतां धर्मशील झालों असें सांगतो, आणि लोभी वाटसरू चिखलांत रुतला कीं त्यास खाऊन टाकतो. ह्या गोष्टी ज्या मुलुखांत सांगितल्या गेल्या तेथें रात्रीं दारास अडसर घालावा लागे. डिस्ने ह्यांच्या चित्रशाळेच्या कुंपणाशीं बिबट्या येत नव्हता.

आणखी एक गोष्ट मला बोलपट पुन्हां पाहतांना प्रथमच जाणवली. त्यांत रान एकीकडे आहे आणि माणसांचें गांव दुसरीकडे. शेवटीं पाण्यास आलेल्या मुलीच्या मागोमाग मोगली गांवांत जातो, बघीरा निश्चिंत होतो, आणि अस्वलासह रानाकडे वळतो. वेशीशीं रान संपलें, भय संपलें. आमच्या तालुक्यांत अशी वेस कोठें आहे? कुकडी प्रकल्पाचे कालवे आले, घोड व भीमा ह्यांच्या कांठीं उपसा वाढला, आणि जेथें बाजरी होती तेथें ऊंस उभा राहिला. ऊंस बारा ते अठरा महिने जागा सोडीत नाहीं. त्यांत सावली आहे, जवळ पाणी आहे, आणि वस्तीवर कुत्रीं व शेळ्या आहेत. बिबट्याच्या मादीस ह्याहून अधिक काय हवें? ती उंसांतच विते. तोड सुरू झाली कीं मजुरांस बछडे सांपडतात. वनखात्याचे लोक ते त्याच जागीं ठेवून रात्रीं आईची वाट पाहतात. अशा रीतीनें जन्मलेल्या बिबट्यास डोंगरांतलें रान ठाऊकच नसतें. त्याचें रान म्हणजे आपला मळा. दौंड तालुक्याच्या भीमाकांठच्या गांवांतहि हेंच चाललें आहे. फरक एवढाच कीं, रेल्वे-वसाहतीच्या दिव्यांत वाढणाऱ्या मुलास बिबट्या अजून चित्रांतलाच आहे.

२०२५ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर ह्या महिन्यांत शिरूर तालुक्याच्या पिंपरखेड-जांबूत भागांत अवघ्या तीन आठवड्यांच्या अवधींत बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुलांचे व एका वृद्धेचे प्राण गेले. त्यांतील एक मूल पांच वर्षांचें होतें. लोकांचा संताप अनावर झाला. त्यांनीं महामार्ग अडविला. शेतांत जातांना गळ्यास अणकुचीदार खिळ्यांचे पट्टे बांधणाऱ्या बायाबापड्यांचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत आलीं. पुस्तकांत गळपट्टा बिबट्याच्या गळ्यांत होता. येथें तो माणसाच्या गळ्यांत आला.

हें सर्व डोळ्यांपुढें असतां, तो बोलपट रद्द करावा असें माझें मत झालें आणि मीं तें बोलून दाखविलें. त्यावर आमच्यापैकीं एका शिक्षिकेनें जें उत्तर दिलें तें येथें नमूद करणें मला भाग आहे. त्या म्हणाल्या, “ह्या मुलांच्या कानांवर सध्यां सकाळ-संध्याकाळ ‘ठार मारा’ एवढेंच पडत आहे. ज्यास मारावयाचें त्याचें एक तरी बरें चित्र त्यांच्या मनांत असूं नये काय? मोठेपणीं ह्याच मुलांना ह्या बिबट्यांचें काय करावयाचें तें ठरवावें लागणार आहे.”

ह्यास उत्तर देणें सोपें नाहीं, कारण त्यांचें म्हणणें खरें आहे. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले येथें केलेली पाहणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. दाट वस्तीच्या, उंसाच्या त्या भागांत शंभर चौरस किलोमीटरांमागें सुमारें पांच प्रौढ बिबटे राहत असल्याचें तींत दिसून आलें. लोकांस त्यांतील एखाददुसराच कधीं दृष्टीस पडे. आपल्या शेजारच्या पारनेर तालुक्यांत, टाकळी ढोकेश्वर येथें २००९ सालीं एक बिबट्या विहिरींत पडला होता. त्यास काढून, गळ्यांत यंत्राचा पट्टा बांधून, माळशेज घाटांत सोडलें. तेथून तो रात्रीं-रात्रीं चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. ह्याच ‘आजोबा’ नांवाच्या बिबट्यावर त्याच नांवाचा मराठी चित्रपट २०१४ सालीं निघाला. हा बिबट्या बघीरासारखा गप्पा मारीत नाहीं आणि शेरखानासारखा गुरगुरतहि नाहीं. माणूस दिसला कीं तो बाजूस होतो. बहुतेक बिबटे बहुतेक वेळीं असेंच करतात. आणि जेव्हां तसें करीत नाहींत तेव्हां बहुधा पुढें एकटें, वांकलेलें किंवा खालीं बसलेलें मूल असतें. हीं दोन्ही वाक्यें एकाच मुलास एकाच वेळीं कशीं सांगावीं, हाच खरा पेंच आहे.

तेव्हां माझें मत बदललें तें असें. बघीरा मुलांस दाखवावा. पण ज्या वयांत गोष्ट आणि उंबरा ह्यांतील अंतर मुलास कळतें त्या वयांत, आणि दाखविण्यापूर्वीं त्याच्या गळ्यावरचा घट्टा त्यास परत देऊन. आमच्या तालुक्यापुरती मी ही रेघ आठ वर्षांवर ओढतों. दौंडच्या बाजारपेठेंत राहणाऱ्या पालकांनीं ती सहावर ओढली तर माझी तक्रार नाहीं. पुण्याच्या चौथ्या मजल्यावर ती पांचांवर आली तरी चालेल. एकाच बोलपटास तीन वयें, हें कोणत्याहि मंडळाच्या शिक्क्यांत बसणार नाहीं.

ह्यांत आमची एक पळवाट आहे, ती कबूल करतों. शाळेनें न दाखविलेला बोलपट मूल घरीं पाहणारच. आज जे पालक तिशी-चाळिशींत आहेत त्यांनीं मोगली प्रथम १९९३ सालीं दूरदर्शनवर पाहिला. ती जपानांत तयार झालेली मालिका हिंदींत आणली होती आणि शेरखानास नाना पाटेकर ह्यांनीं आवाज दिला होता. रविवारीं सारें घर, कित्येकदां सारी आळी, एका संचापुढें बसे. शेरखान गुरगुरला कीं हात धरावयास कोणीतरी शेजारीं असे, आणि मळ्यांतल्या आजोबांस मध्येंच ‘बिबट्या असा नसतो रे’ असें म्हणावयास सवड असे. आतां संच खिशांत आला आणि आजोबा ओट्यावर राहिले. पंख्यास भिणाऱ्या त्या मुलानें बोलपट पाहिला तेव्हां तें एकटेंच होतें, असें त्याच्या वडिलांनीं पुढें सांगितलें. स्वयंपाक उरकेपर्यंत त्याच्या हातांत मोबाइल दिला होता. मी त्यांस दोष देत नाहीं. माझ्या घरींहि स्वयंपाक असाच उरकतो. परंतु अजगरापेक्षां आणि बघीरापेक्षां मला त्या एकटेपणाचीच काळजी अधिक वाटते, कारण तेथें कोणीहि कांहींहि सुधारून सांगूं शकत नाहीं.

तो शनिवार असा पार पडला. पहिली-दुसरीच्या मुलांस मैदानावर खेळ आणि नंतर म्हातारीच्या भोपळ्याची गोष्ट, तिसरी-चौथीस बोलपट. खिडक्या झांकल्या नाहींत, त्यामुळें पडद्यावरचीं चित्रें थोडीं फिकट दिसलीं. आवाज बेताचा ठेवला. ज्या पालकांस यावयाचें होतें ते मागच्या बांकांवर बसले. सुरू करण्यापूर्वीं त्या शिक्षिकेनें उदेपूरचा पिंजरा, गळपट्टा आणि बैल ह्यांची हकीकत सांगितली. मग फळ्यावर उंसाचा फड काढून, सांजवेळीं एकट्यानें बाहेर बसूं नये, चौघांनीं मिळून मोठ्यानें बोलत जावें, बिबट्या दिसल्यास पाठ फिरवून पळूं नये, मोठ्यानें ओरडून मोठ्या माणसांकडे सरकावें, हें दोनदां म्हणवून घेतलें. त्यानंतर बोलपट लावला. अजगराच्या वेळीं दोन मुली उठून मागें आपल्या आईजवळ जाऊन बसल्या. बल्लूच्या गाण्यास वर्ग नाचला. मध्येंच चौथींतील एका मुलानें उभें राहून विचारलें, “बाई, ह्याचा घट्टा कुठं आहे?” बाई म्हणाल्या, “चित्रकारानं काढला नाही.” “मग हा खोटा बघीरा,” असें म्हणून तो खालीं बसला, आणि पुढें सर्वांहून अधिक मन लावून पाहूं लागला.

साडेतीन वाजतां ते मळ्यावरचे गृहस्थ मुलीस न्यावयास आले. हातांत काठी होती, आणि डिसेंबरचा दिवस लहान म्हणून विजेरीहि होती. मुलगी मैदानावर होती. ते वर्गाच्या खिडकीशीं थोडा वेळ थांबले. पडद्यावर बघीरा रानाकडे चालला होता. “दिसायला झकास काढलाय,” एवढेंच ते म्हणाले, आणि ऊन आहे तोंवर घर गांठण्यासाठीं मुलीचा हात धरून निघाले.